कांद्याविषयी बोलले

टीव्ही केंद्राचं पाकीट आलं तेव्हा कारभारी पडघान आंघोळीला बसले होते. पाच मिनिटं अलीकडं किंवा पलीकडं आलं असतं, तर त्यांनी ते टोपीखाली घालून थेट चुलीपर्यंत नेलं असतं. पण पोस्टमनने ते पुष्पाबाईंच्या हातात ठेवलं, आणि पुष्पाबाई चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या.

पत्र टाइप केलेलं होतं आणि त्यावर गोल शिक्का होता. 'आपल्या कांदा बीजोत्पादनावरील कार्यक्रम मार्च १९८६ मध्ये दाखविण्यात आला होता. आमच्या कार्यक्रमास दहा वर्षे पूर्ण होत असल्याने जुने निवडक भाग पुन्हा दाखविण्याचे योजिले आहे. परंतु आपल्या भागाची मूळ फीत नंतर दुसऱ्या चित्रीकरणासाठी वापरली गेल्याने ती उपलब्ध नाही. आपण किंवा आपल्या परिचितांनी हा कार्यक्रम व्हिडिओ कॅसेटवर उतरवून घेतला असल्यास कृपया पाठवावा. विशेषतः आपल्या पत्नीविषयी आपण जे उद्गार काढलेत, त्यावर प्रेक्षकांची सव्वाशे पत्रे आली होती.'

पुष्पाबाईंनी शेवटचं वाक्य तीनदा वाचलं. 'उद्गार' या शब्दाशी त्यांची ओळख चौथीच्या व्याकरणापुरती होती. उद्गारचिन्ह शिकवताना गुरुजींनी फळ्यावर तीन उदाहरणं लिहिली होती : 'अरेरे!', 'शी!' आणि 'बाप रे, केवढा हा साप!' यांतलं नेमकं कोणतं आपल्या नवऱ्याने आपल्यासाठी निवडलं असेल, याचा विचार करत त्या दारातच उभ्या राहिल्या.

कारभारी डोकं पुसत बाहेर आले. पुष्पाबाईंनी त्यांच्यापुढं चहा ठेवला आणि त्यांनी पहिला घोट घेईपर्यंत वाट पाहिली.

"तुमी टीव्हीत माह्याविषयी बोलले होते म्हने."

चहा नाकात गेला. कारभारी एवढे खोकले, की गोठ्यातल्या म्हशीने मान वर केली.

"कोन म्हनलं?"

"सरकार म्हनून राह्यलं. हे पाहा, शिक्का हाये."

कारभारींनी पत्र वाचलं. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. शेवटच्या वाक्याला ते थांबले. "काहीतरी चूक झाली असन त्याईची," ते म्हणाले. "दुसऱ्या कोन्या कारभारीचं पत्र हाये हे. मी तं कांद्याविषयी बोललो."

"पाकिटावर तं तुमच्या बापाचंही नाव हाये."

"कांद्याविषयी बोललो," कारभारी पुन्हा म्हणाले, आणि चहा अर्धा टाकून वावरात निघून गेले. ते चहा कधी अर्धा टाकत नसत.

साडेपाच वर्षांपूर्वी टीव्हीची गाडी सावरटेकला आली, तेव्हा पुष्पाबाई सुलतानपूरला माहेरी होत्या. भावजयीचं बाळंतपण होतं. त्या सव्वा महिना तिथंच राहिल्या, त्यामुळे चित्रीकरणही हुकलं आणि कार्यक्रमही हुकला. सावरटेकला तेव्हा एकच टीव्ही होता, ग्रामपंचायतीचा, आणि तो चावडीत होता. चावडीत बायका बसत नसत. म्हणजे कारभारी जे काही बोलले, ते गावातल्या फक्त पुरुषांनी पाहिलं आणि ऐकलं होतं. माहेरून परत आल्यावर पुष्पाबाईंना वाटलंही होतं, की आपण समोरून गेलो की पारावरचं बोलणं एकदम थांबतं. तेव्हा त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. आता घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्या दळण घेऊन किसनरावांच्या चक्कीवर गेल्या. चक्की बंद होईपर्यंत थांबल्या आणि मग विचारलं, "भाऊ, यांचा टीव्हीतला कार्यक्रम तुमी पाह्यला होता न? काय बोलले होते हे?"

किसनरावांनी भुवयांवरचं पीठ पुसलं. "कांद्याविषयी बोलले."

"अजून?"

"बस. कांद्याविषयी बोलले."

तिथून त्या निवृत्ती शिंप्याकडे गेल्या. निवृत्तीच्या तोंडात टाचण्या होत्या. त्याने त्या एकेक करून काढल्या, गादीत खोचल्या, आणि मग म्हणाला, "कांद्याविषयी बोलले, वहिनी."

पाणी सोडणाऱ्यापासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत त्यांनी सात जणांना विचारलं. सातही जण म्हणाले, "कांद्याविषयी बोलले." एकानंही 'आता आठवत नाही बुवा' म्हटलं नाही. पुष्पाबाईंचे वडील आयुष्यभर बांधाच्या भांडणापायी कोर्टात गेलेले. ते नेहमी सांगत, की सगळ्या साक्षीदारांची साक्ष शब्दाला शब्द जुळली, की समजावं, त्यांना पढवणारा एकच आहे.

त्या दिवशी जेवताना कारभारींनी वांग्याच्या भाजीची तारीफ केली. बावीस वर्षांच्या संसारात त्यांनी भाजीला नाव ठेवलं नव्हतं, तशी तारीफही केली नव्हती. पुष्पाबाईंचा संशय तिथं पक्का झाला. या माणसाने सव्वाशे लोकांना पत्र लिहावंसं वाटेल असं काहीतरी आपल्याविषयी बोललेलं आहे, आणि ते चांगलं असण्याचा प्रश्नच नाही. चांगलं बोललेलं कोण कशाला लपवील?

आता कॅसेट शोधायची. ८६ साली कॅसेटवर कार्यक्रम उतरवून घेणारा माणूस सावरटेकमध्ये असणं शक्य नव्हतं. पण टीव्हीवाल्यांना गावात घेऊन आलेले चिंतामणराव पाठक पुष्पाबाईंना आठवले. ते तेव्हा शेती खात्यात अधिकारी होते, आणि त्या कार्यक्रमात तेही बोलले होते. स्वतः टीव्हीत दिसलेला साहेब ते जपून ठेवल्याशिवाय राहणार नाही. चिंतामणराव आता निवृत्त होऊन नांदुऱ्याला, स्टेशनाजवळ राहत होते.

"मी उद्या नांदुऱ्याले चालली," त्या म्हणाल्या. "मावशीले पाह्यले."

"तुही मावशी तं मलकापूरले राह्यते."

"बदली झाली मावसाजीची."

"मावसाजी तं शेती करते!"

"म्हनूनच लपवून ठेवलं त्यायनं," पुष्पाबाई म्हणाल्या. "आजकाल लोक घरच्यायले काही सांगतेच कुठी?"

दुसऱ्या दिवशी पुष्पाबाई एसटीत बसल्या तसे कारभारी सरपंचांच्या घरी पोचले.

सरपंच रंगराव जाधव ओट्यावर पान जमवत बसले होते. कारभारींनी सगळं सांगितलं. रंगरावांचा चुना लावणारा हात थांबला.

"ते पुसलं होतं न बे?"

"पुसलं तं! तुमच्या शोभाच्या लग्नात पाठकसाहेब कॅसेट घेऊन आले होते, मले भेट द्यायले. मी तशीच व्हिडिओवाल्याच्या हाती देली. त्याच्यापाशी कोरी कॅसेट नव्हती. म्हनलं, घे बापा, याच्यावर घे लग्न. तुमच्या पोरीच्या लग्नाखाली सारं गाडलं गेलं, आबा."

"अन् केंद्रातलं?"

"तेही पुसलं म्हने. पत्रात लिवलं हाये."

रंगरावांनी पान तोंडात टाकलं. "मंग कायले घाबरतं? धुंडू दे तिले. लोक तं काही सांगनार नाही. सांगतीन कसे? त्याईचंही घर हाये न."

दोघंही निर्धास्त झाले.

नांदुऱ्याला चिंतामणरावांचं दार त्यांच्या पत्नीने, प्रेमलाबाईंनी उघडलं. पुष्पाबाई उन्हातून चालत आल्या होत्या, आणि वाटेत जुळवलेलं बोलणं दारात उभं राहताच उलटसुलट झालं.

"पाठकसाहेब हायेत का? त्याईच्यापाशी माही एक कॅसेट हाये."

"तुमची कॅसेट?"

"हाव. म्हंजे साहेबाईनं काढलेली. पाच-सहा वर्सं झाले. सव्वाशे लोकाईनं पाह्यली, पन मलेच पाह्यले भेटली नाही. माह्या मालकाले मालूम नाही मी इथं आली ते. त्याईले समजू नका देऊ, बाई."

प्रेमलाबाईंनी दाराची चौकट धरली. व्हिडिओ कॅसेटींबद्दल त्या काळात वर्तमानपत्रात काय काय छापून येत असे, ते त्या रोज दुपारी वाचत. "अहो," त्या आत वळून म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजाने झोपलेले चिंतामणराव खाटेवर उठून बसले. "बाहेर या. तुमच्या पाच वर्षांपूर्वीच्या उद्योगांपैकी कोणीतरी आलंय."

उलगडा व्हायला बराच वेळ लागला. 'कांदा बीजोत्पादन' हे शब्द चिंतामणरावांनी चार वेळा उच्चारले. पत्र पुढं आलं. ते प्रेमलाबाईंनी उलटसुलट करून, शिक्क्यावर बोट फिरवून वाचलं, आणि मगच पुष्पाबाईंना बसायला सांगितलं. पाणी आलं. पाठोपाठ पोहेही आले, पण चिंतामणरावांच्या बशीत ते जरा कमी होते.

"आठवतंय ना!" चिंतामणराव खुलले. "न आठवायला काय झालं? 'कांद्याच्या बीजोत्पादनासाठी मध्यम प्रतीची, पाण्याचा निचरा होणारी जमीन निवडावी. गोट, म्हणजे बियाण्यासाठी लावायचे कांदे, मध्यम आकाराचे, निरोगी असावेत. हेक्टरी...'"

"हे कोन बोललं होतं?"

"मी! पंचवीस सेकंद होतो मी. प्रत्यक्षात चार मिनिटं बोललो होतो, पण त्यांनी कापलं."

"अन् आमचे मालक काय बोलले?"

चिंतामणरावांनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. "त्यांचं माझ्या आधी होतं," ते म्हणाले. "खरं सांगू का, मी तेव्हा माझं कधी येतंय याचीच वाट पाहत होतो. नंतर कॅसेटवरही मी माझ्यापासूनच लावायचो."

"हे खरं आहे," प्रेमलाबाई म्हणाल्या. "मी पन्नास वेळा पाहिलंय. यांच्यापासूनच."

"मंग ती कॅसेट कुठी हाये?"

"तुमच्या मालकांनाच दिली की! मी दुसरी काढून ठेवणार होतो, पण आमचं मशीन बिघडलं. रंगरावांच्या मुलीच्या लग्नात मी त्यांना भेट म्हणून दिली, तर त्यांनी माझ्यादेखत ती व्हिडिओवाल्याला देऊन टाकली. म्हणाले, लग्न अडायला नको. मला वाईट वाटलं, पण म्हटलं, केवढं मोठं मन आहे या माणसाचं."

पुष्पाबाईंच्या हातातला घास हातातच राहिला. नवऱ्याने पुरावा स्वतःच्या हाताने नष्ट केला होता. यापुढं 'केवढा हा साप' हे उदाहरणसुद्धा त्यांना सौम्य वाटू लागलं.

"म्हंजे सारं पुसल्या गेलं?"

"सगळं नसेलही," चिंतामणराव म्हणाले. "तीन तासांची कॅसेट होती. सुरुवातीचे दोन-अडीच तास मी सोडले होते, तिच्यावर आधीच हिची रविवारची मालिका होती म्हणून. आपला कार्यक्रम अगदी शेवटी होता. व्हिडिओवाल्याने पहिल्यापासून लग्न घेतलं असेल, आणि लग्न लवकर आटपलं असेल, तर शेपटाला आपण राहिलो असू."

शोभाचं लग्न पुष्पाबाईंना चांगलं आठवत होतं. अवकाळी वादळ आलं होतं, मांडवाचं कापड उडालं होतं, आणि पाठवणी घाईघाईत उरकली होती. त्यांनी उरलेले पोहे दोन घासांत संपवले आणि चारची गाडी पकडली.

सरपंचांच्या घरी टीव्हीही होता आणि दोन वर्षांपूर्वी जावयाने आणून दिलेलं व्हिडिओ मशीनही होतं. रंगरावांच्या पत्नी जनकाबाई शोभाच्या लग्नाची कॅसेट आल्यागेल्याला दाखवत; पाहुणे अलीकडं चहा न घेताच निघू लागले होते. त्यामुळे कोणीतरी आपणहून ती पाहायला मागतंय, हेच त्यांना पटेना.

"तू तं लग्नात होती न वं? दोन दिवस भाकरी थापल्या तूनं. आता काऊन पाह्यतं?"

"भाकरीच थापल्या, जनकाबाई. लग्न कुठी पाह्यलं?"

हे खरंच होतं, आणि ते फक्त पुष्पाबाईंपुरतं खरं नव्हतं. जनकाबाईंना त्याचं वाईट वाटलं. शुक्रवारी दुपारी त्यांनी चुलीपाशी राबलेल्या सगळ्याच बायकांना निरोप पाठवला. चक्कीवाल्या किसनरावांची सिंधूताई आली, निवृत्ती शिंप्याची रुक्मिणीबाई आली, पुजाऱ्याची बायको आली. चौदा बायका आल्या आणि सोप्यात सतरंजीवर दाटीवाटीने बसल्या.

रंगरावांना हे कळलं ते चावडीत, आणि ते बसल्या जागी पांढरे पडले. कांद्याच्या कार्यक्रमाची त्यांना भीती नव्हती. तो तर पुसलेला होता. मग कारभारीच्या बायकोला शोभाच्या लग्नाची कॅसेट कशाला हवी? निवडणूक दोन महिन्यांवर आली होती. आणि त्या लग्नात मांडवातली सगळी रोषणाई रंगरावांनी रस्त्यावरच्या खांबाच्या तारांवर आकडा टाकून केली होती. व्हिडिओवाल्याने मांडवाची शोभा दाखवता दाखवता तो आकडाही सावकाश, खालून वर, दाखवला होता. विरोधकांनी बाई फोडली! पत्र, नांदुरा, मावशी, सगळं ढोंग!

वाटेत त्यांना कारभारी भेटले. "चल बे," रंगराव म्हणाले, "तुह्या बायकोनं माही खुर्ची हालवली."

दोघं घरी पोचले तेव्हा पडद्यावर हळद लागत होती. चौदा बायका आपापल्या जुन्या साड्या ओळखत होत्या. रंगराव दाराशी स्टूल टाकून बसले, कारभारी उंबऱ्यावर. जनकाबाईंना आश्चर्य वाटलं. रंगरावांनी ही कॅसेट आजवर एकदाही पूर्ण पाहिली नव्हती.

"लाइट जास्त खाते हे मशीन," रंगराव म्हणाले. "थोडं पुढं ढकल न."

"पुढं नाही," पुष्पाबाई म्हणाल्या. "सारं पाहू. शेवटपर्यंत."

रंगरावांनी कारभारींकडे पाहिलं. कारभारींनी खांदे उडवले.

मांडव आला. कॅमेरा केळीच्या खुंटावरून झालरीवर गेला, झालरीवरून दिव्यांच्या माळेवर, आणि मग माळेच्या टोकाकडे निघाला. रंगरावांनी स्टुलाची कड घट्ट धरली. वायर आली. खांब आला. काळ्या वायरीचा आकडा आभाळाच्या निळ्या रंगावर असा स्पष्ट दिसला, की जणू फोटोसाठी मुद्दाम टांगला असावा.

"अवो, पाह्यलं का!" रुक्मिणीबाई ओरडली.

रंगरावांनी डोळे मिटले.

"खाली पाहा, खाली! शोभाच्या आतेसासूनं तीच साडी नेसली, जी आपन आहेरात देली होती. तिथंच नेसली! दम नाही निंघाला बाईले."

सगळ्या हसल्या. खांब गेला. रंगरावांनी पुष्पाबाईंकडे चोरून पाहिलं. त्यांचं आकड्याकडे लक्षच नव्हतं. त्या घड्याळाकडे पाहत होत्या. रंगरावांचा जीव भांड्यात पडला. एवढा, की ते उठून आत गेले आणि सगळ्यांसाठी दुधाचा चहा टाकायला सांगून आले. "बसा, बसा," ते म्हणाले, "पाठवनीपर्यंत पाहून जा. घाई काय हाये?" कारभारींनाही एक कप मिळाला. गावातला एक मोठा प्रसंग टळला, या आनंदात दोघांनी बशीत चहा ओतला.

वादळ आलं, कापड उडालं, शोभा रडली, गाडी गेली. पडद्यावर मुंग्या आल्या. बायका कमरेवर हात ठेवून उठू लागल्या.

"थांबा," पुष्पाबाई म्हणाल्या. "बसा अजून."

"संपलं न वं आता."

"बसा म्हनते न."

मुंग्या अर्धा मिनिट चालल्या. मग पडद्यावर एकदम पांढरं वावर उमटलं. कांद्याचे पांढरे गोंडे वाऱ्यावर डुलत होते, त्यांवर मधमाश्या घोंगावत होत्या, आणि मधोमध कोणाचा तरी उसना कोट घातलेले कारभारी उभे होते. उंबऱ्यावरच्या कारभारींच्या हातून बशी निसटली.

"घरच्यांची मदत होते का शेतीत?" त्यांच्यापुढं माइक धरलेल्या टीव्हीवाल्या मुलीने विचारलं.

पडद्यावरच्या कारभारींनी आजूबाजूला पाहून घेतलं. "मदत?" ते म्हणाले. "खोटं कायले बोलू, ताई. हे सारं डोकं तिचंच हाये. पयल्या साली मी फुलावर औषध फवारलं. माश्या पळाल्या, गोंड्यात बीच भरलं नाही. दुसऱ्या साली तिनं माह्या हातातला पंप हिसकून घेतला. बांधावर गुळाचं पानी ठेवलं. माश्या आल्या, बी आलं, अन् तुमीही आल्या. ती सध्या माहेरी हाये, नाहीतं म्या असं बोललं नसतं. मी म्हंजे बैल, ताई. ती हाकते, मी चालतो."

मुलगी हसली. कारभारींना हुरूप आला. तिथंच थांबले असते तर इतिहास वेगळा झाला असता.

"अन् माह्याच घरी असं हाये असं नाही बरं. आमच्या साऱ्या गावात असंच हाये, फक्त कोनी कबूल करत नाही. हे आमचे सरपंच, रंगराव. ठराव चावडीत मांडते, पन आदल्या दिवशी घरून विचारून येते. किसनरावाची चक्की बिघडली, तं दुरुस्त त्याची बायको करते. तो पीठ लावून बाहीर उभा राह्यते. निवृत्ती शिंपी मापं घेते, पन कापड कापते ती रुक्मिणीबाई. त्यानं एक डाव कापलं होतं, तं गुरुजीच्या पँटीचे दोनी पाय डावे निंघाले."

मग चिंतामणराव आले आणि मध्यम प्रतीच्या जमिनीबद्दल पंचवीस सेकंद बोलले. कोणीही ऐकलं नाही.

मग चौदा बायकांच्या माना सावकाश दाराकडे वळल्या. रंगरावांचं स्टूल रिकामं नव्हतं, पण रंगराव त्यावर अगदी कमी जागेत बसले होते.

"म्हंजे हे तुमी पाच वर्सांआधी ऐकलं होतं," जनकाबाई म्हणाल्या.

"चहा थंडा होऊन राह्यला तुमचा," रंगराव म्हणाले.

"अन् तवापासून मले सांगता, 'बायकाईले चावडीतलं काय समजते?'"

"कांद्याविषयी बोलले म्हने!" सिंधूताई उठली. "मी सोता विचारलं होतं आमच्या घरी. कांद्याविषयी बोलले!"

"आमच्याही," रुक्मिणीबाई म्हणाली. ती घाईने चप्पल शोधू लागली. तिला शिंप्याच्या दुकानात काही काम आठवलं होतं. पाठोपाठ बाकीच्यांनाही कामं आठवली. त्या दुपारी सावरटेकमध्ये चक्की अर्ध्या दळणावर बंद पडली, आणि ती दुरुस्त करायला कोणी आलं नाही.

पुष्पाबाईंनी टीव्ही केंद्राचं पत्र जनकाबाईंच्या हातात दिलं. रंगराव कॅसेट काढायला पुढं झाले, तेवढ्यात जनकाबाईंनी ती काढून पदराखाली घेतली. "हे रजिस्टरनं जाईन," त्या म्हणाल्या. "मी अन् पुष्पा बुलढान्याले जाऊन टाकू. तुमाले ठराव करायचा असन तं करा. विचारून घ्या पह्यले."

घरी जाताना पुष्पाबाई पुढं होत्या आणि कारभारी दहा पावलं मागं. गोठा दिसू लागला तशा पुष्पाबाई थांबल्या. पाच दिवस त्यांनी मनात जे भांडण रचलं होतं, ते सगळंच्या सगळं वाया गेलं होतं, आणि त्याचाही त्यांना राग येत होता.

"इतकं चांगलं बोलले," त्या म्हणाल्या, "अन् चोरीचा माल लपवावा तसं लपवलं. गावानं शपथ घातली म्हनून?"

"ते तं होतंच." कारभारी चपलेच्या टोकाने ढेकूळ फोडू लागले.

"अजून काय?"

"तू मले रोज विचारतं न. 'हे पेरू का, ते पेरू का, म्हैस दाखवू का डॉक्टरले.' अन् मी 'हाव' म्हनतो. मले मालूम हाये, तूनं आधीच ठरवेल असते. पन तुले नाही मालूम का मले मालूम हाये. तुले कळलं असतं, तं तू विचारनं बंद केलं असतं." त्यांनी ढेकूळ पायाने बाजूला सारलं. "मंग मी दिवसभर काय केलं असतं?"

पुष्पाबाई म्हशीला पाणी दाखवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारभारी ओसरीत बसले होते. पुष्पाबाई हात पुसत बाहेर आल्या आणि पदर सारखा करून म्हणाल्या, "अवो, मी म्हनते, यंदा कांद्याचे गोट विहिरीकडच्या वावरात लावू का?"

कारभारींनी त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. चेष्टा दिसत नव्हती. राग दिसत नव्हता. काहीच दिसत नव्हतं, आणि तेच त्यांना जास्त संशयास्पद वाटलं. ही खरंच विचारून राहिली, की आता जन्मभर असं विचारून विचारून सूड घेणार? खात्री करायचा एकच मार्ग होता. कारभारींनी संसारातला सगळा धीर एकवटला.

"नको," ते म्हणाले.

"बरं," पुष्पाबाई म्हणाल्या, आणि आत गेल्या.

कारभारींचा तो दिवस फार वाईट गेला. नाल्याकडच्या वावरात पाणी साचतं, हे त्यांना माहीत होतं. टेकडीकडच्या वावराला पाणीच पोचत नाही, हेही माहीत होतं. विहिरीकडचं वावर सोडलं तर गोट लावायला जागाच नव्हती, आणि घरातली दोन पोती गोट दिवसेंदिवस कोंब काढत होती. त्यांनी 'नको' म्हटलं होतं, आणि बायकोने ऐकलं होतं! बावीस वर्षांत त्यांच्यावर एवढी मोठी जबाबदारी कधी पडली नव्हती. दुपारभर ते देऊळघाटच्या बाजारात कोणाशीही न बोलता हिंडले. दिवस कलायच्या आत घरी येऊन त्यांनी टोपी खुंटीला अडकवली आणि चुलीसमोर उभे राहिले.

"मी विचार केला," ते घसा साफ करून म्हणाले. "लाव विहिरीकडच्या वावरात."

पुष्पाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली.

"दुपारीच लावले," त्या म्हणाल्या. "बसा जेवाले."